एका एकोणचाळीस अंकी संख्येचा पडताळा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, वीस मिनिटं तुझ्या क्षेत्राबद्दल बोल. पण सगळ्यांना कळेल असं बोल." यातली दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे. माझ्या कामाचं वर्णन करायला लागले तर दुसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावर कुजबुज सुरू होईल, आणि मागच्या बाकावर कोण बसलंय ते मला इथून दिसतंय. म्हणून मी फक्त एक संख्या घेऊन आले आहे. फळ्यावर लिहून ठेवली आहे, तीन-तीन अंकांचे गट करून:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

मोजा, एकोणचाळीस अंक आहेत. लहानपणी आपण एकं, दहं, शतं असं म्हणत म्हणत परार्धापर्यंत जायचो. परार्ध म्हणजे अठरावं स्थान. तिथे आपली यादी संपते, आणि ही संख्या त्याच्या दुपटीहून पुढे जाते. पण तिची जात सांगायला एक ओळ पुरते. दोनाचा १२७ वा घात करा आणि त्यातून एक वजा करा. झाली.

ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः, याशिवाय तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. हे १८७६ साली एका माणसाने कागद, पेन्सिल आणि डोकं वापरून सिद्ध केलं. हाताने आकडेमोड करून सिद्ध झालेली ही आजवरची सर्वांत मोठी मूळ संख्या. पुढची ७५ वर्षं तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणालाही ठाऊक नव्हती.

आता आपल्यातल्या चौकस लोकांच्या मनात प्रश्न येईल, आणि तोच माझा आजचा विषय आहे. एवढ्या मोठ्या संख्येला कशानेच भाग जात नाही, हे त्याला कळलं कसं?

आपल्याला शाळेत शिकवलेली रीत आठवा. ९७ मूळ आहे का? २ ने भागा, ३ ने भागा, ५ ने, ७ ने. ११ चा वर्ग १२१, तो ९७ च्या पुढे गेला, म्हणजे थांबा. ९७ मूळ. रीत अगदी बिनचूक आहे. पण फळ्यावरच्या संख्येचं वर्गमूळच वीस अंकी आहे. तिथपर्यंत एकेका संख्येने भागत जायचं, आणि यंत्र दर सेकंदाला शंभर कोटी भागाकार करतंय असं धरलं, तरी चारशे वर्षांहून जास्त लागतील. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सुरू केलं असतं तरी अजून चालू असतं. आणि १८७६ मध्ये तर यंत्रही नव्हतं.

तर आधी या संख्येची पूर्वपीठिका सांगते. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये मारँ मर्सेन नावाचे एक धर्मगुरू होते. युरोपभरच्या गणितज्ञांशी त्यांचा पत्रव्यवहार असे. दोनाचा घात करून एक वजा केला की कधी कधी मूळ संख्या मिळते, हे आधीपासून माहीत होतं. २ चा वर्ग वजा १ म्हणजे ३, घन वजा १ म्हणजे ७, पाचवा घात वजा १ म्हणजे ३१, सातवा घात वजा १ म्हणजे १२७. सगळ्या मूळ. घातांक स्वतः मूळ असावाच लागतो, नाहीतर उत्तराचे अवयव पडतात. पण घातांक मूळ असला म्हणजे काम झालं असंही नाही. अकरावा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

मर्सेन यांनी १६४४ साली एक यादी छापली. २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळते, त्याची. यादीत ३१ होता, ६७ होता, १२७ होता, २५७ होता. रीत मात्र दिली नव्हती. आपल्या सरांनी "उत्तर लिहिलंस, रीत कुठे आहे?" असं विचारून निम्मे गुण कापले असते, आणि ते योग्यच झालं असतं. कारण त्या यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ हे नको होते. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. या चुका शोधून यादी पूर्ण तपासायला जगाला तीनशे वर्षं लागली. १२७ मात्र बरोबर होता.

आता १८७६ मधला तो माणूस. एद्वार ल्युका. जन्म १८४२, फ्रान्समधल्या आमियाँचा. पॅरिसच्या वेधशाळेत काही काळ काम केलं, युद्धात तोफखान्यात होते, आणि नंतर आयुष्यभर काय केलं? शाळेत गणित शिकवलं. मोठ्या विद्यापीठातली खुर्ची नाही, माध्यमिक शाळेतला फळा. इथे बसलेल्या सर आणि बाईंना हे मुद्दाम सांगते आहे. आपल्याकडे देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता संख्यांच्या मागे लागलेले द. रा. कापरेकर होते, त्याच जातकुळीचे हे गृहस्थ. संगणकशास्त्र शिकलेल्यांना ल्युका एका खेळामुळेही माहीत असतात. तीन खांब, एकावर एक लहान होत जाणाऱ्या चकत्या, आणि सगळ्या चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर न्यायच्या. 'टॉवर ऑफ हनॉय'. तो त्यांनीच १८८३ मध्ये बाजारात आणला. सात चकत्यांना कमीत कमी किती चाली लागतात? १२७. दोनाचा सातवा घात वजा एक. आवडीची माणसं जशी फिरून फिरून भेटतात, तशा आवडीच्या संख्याही भेटतात.

ल्युकांच्या लक्षात आलेली गोष्ट अशी की, संख्येचे अवयव न शोधताही ती मूळ आहे की नाही ते ठरवता येतं. त्यांच्या कसोटीला पुढे अमेरिकेच्या डेरिक लेहमर यांनी १९३० च्या सुमारास सुटसुटीत रूप दिलं. ते रूप सातवीच्या मुलालाही करता येईल इतकं सोपं आहे. ३१ वर करून दाखवते.

४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, त्यातून २ वजा करा, आणि ३१ ने भागून बाकी ठेवा. चाराचा वर्ग १६, वजा २, १४. चौदाचा वर्ग १९६, वजा २, १९४. एकशे चौऱ्याण्णवला ३१ ने भागलं की बाकी ८. आठाचा वर्ग ६४, वजा २, ६२. बासष्टला ३१ ने भागलं की बाकी शून्य. घातांक ५ होता, त्यातून २ गेले, म्हणून तीन पायऱ्या करायच्या. तिसऱ्या पायरीला शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. मधलं काही नाही.

२०४७ वर हेच करा. घातांक ११, म्हणून नऊ पायऱ्या. नवव्या पायरीला बाकी उरते १७३६. शून्य नाही, म्हणजे संख्या संयुक्त. आता नीट लक्ष द्या. या सगळ्या आकडेमोडीत २३ कुठेही आले नाहीत, ८९ कुठेही आले नाहीत. अवयव कोणते ते आपल्याला कळलंच नाही. पण अवयव आहेत, हे मात्र पक्कं कळलं.

भागाकाराचंही एक गुपित आहे, आणि ते आपल्या शाळेच्या पुस्तकातलं आहे. नऊची कसोटी आठवते? अंकांची बेरीज करा, तिला ९ ने भाग गेला तर संख्येला भाग जातो. ती चालते, कारण १० ला ९ ने भागलं की बाकी १ उरते, १०० ला भागलं तरी १, हजाराला भागलं तरी १. म्हणून स्थानाची किंमत विसरून नुसते अंक मिळवले तरी चालतं. तसंच ३२ ला ३१ ने भागलं की बाकी १. म्हणून १९४ कडे असं बघा: सहा वेळा ३२, वर २. सहा आणि दोन आठ. झाला भागाकार! संगणक संख्या दोनच्या भाषेत लिहितो. त्या भाषेत ३१ म्हणजे ओळीने पाच एक, आणि फळ्यावरची संख्या म्हणजे ओळीने १२७ एक. त्यामुळे तिने भागणं म्हणजे मोठी संख्या दोन तुकड्यांत कापून तुकड्यांची बेरीज करणं, एवढंच उरतं. नऊची कसोटी, फक्त दोनच्या भाषेतली. ल्युकांनी याच कल्पनेवर १२७ उभे आणि १२७ आडवे चौकोन असलेल्या पटाचं वर्णन केलं आहे. बुद्धिबळासारखी प्यादी मांडायची आणि सरकवत सरकवत वर्ग करायचा.

फळ्यावरच्या संख्येला अशा पायऱ्या किती? १२७ वजा २, म्हणजे सव्वाशे. प्रत्येक पायरीला अडतीस-एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग. कष्टाचं काम आहे, पण एका माणसाच्या आवाक्यातलं आहे. चारशे वर्षांचं काम सव्वाशे पायऱ्यांवर आलं. ल्युकांनी वापरलेलं रूप किंचित वेगळं होतं, पण गाभा हाच, आणि शेवटी शून्य आलं.

या शून्याबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. मध्ये कुठे हातचा विसरला असता, तर शेवटी काहीतरी भलतीच एकोणचाळीस अंकी बाकी उरली असती. चुकत चुकत नेमकं शून्यावर येण्याची शक्यता जवळपास नाहीच. म्हणजे शून्य आलं, यातच आकडेमोड बरोबर असल्याची मोठी खूण आहे. उलट शून्य नाही आलं, तर मनात शंका राहते: संख्या संयुक्त आहे, की माझाच हातचा चुकला?

ही शंका ६७ च्या बाबतीत खरोखर राहिली. १८७६ मध्येच ल्युकांनी आपल्या कसोटीने सांगितलं की, दोनाचा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही, मर्सेन चुकले. पण अवयव कोणते? माहीत नाही. एक वर्ष गेलं, दहा गेली, वीस गेली. १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल नावाचे प्राध्यापक बोलायला उठले. असं सांगतात, की ते एक शब्दही बोलले नाहीत. फळ्यावर त्यांनी दोनाचा ६७ वा घात काढला, एक वजा केला: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मग फळ्याच्या दुसऱ्या भागात जाऊन १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला आणि पूर्ण केला. दोन्ही उत्तरं जुळली. कोल खाली बसले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. हे अवयव शोधायला किती वेळ लागला असं पुढे विचारल्यावर त्यांनी "तीन वर्षांचे रविवार" असं उत्तर दिलं, अशीही गोष्ट आहे. वीस मिनिटं मागून घेऊन एक शब्दही न बोलण्याची हिंमत माझ्यात नाही, म्हणून मी बोलते आहे.

अवयव आहेत हे कळलं १८७६ ला, आणि ते हाती लागले १९०३ ला. मध्ये सत्तावीस वर्षं. एखादी गोष्ट आहे हे कळणं आणि ती सापडणं, यांतलं हे अंतर.

हे अंतर आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी कुलुपाची एक पद्धत मांडली, ती आजही वापरात आहे. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या, आजकाल साधारण तीनशे अंकी, आणि त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. गुणाकार सगळ्यांना दिसतो. ती संख्या संयुक्त आहे हेही सगळ्यांना माहीत. पण तिचे दोन अवयव ज्याच्याकडे आहेत, त्याच्याचकडे किल्ली. त्यासाठी मर्सेनच्या यादीतल्या संख्या कामाच्या नाहीत, कारण त्या मोजक्या आहेत आणि सगळ्यांना पाठ आहेत. गुप्त ठेवायच्या संख्या चिठ्ठी उचलावी तशा निवडाव्या लागतात. पण निवडलेली तीनशे अंकी संख्या मूळ आहे का, हे बघायला ल्युकांच्याच वंशातली दुसरी एक कसोटी लागते, आणि ती एका सेकंदाच्या आत उत्तर देते. मूळ आहे की नाही हे क्षणात कळतं, अवयव मात्र पिढ्यान्‌पिढ्या सापडत नाहीत. ते दोन्ही सारखंच सोपं असतं तर हे कुलूप बसलं नसतं, आणि सारखंच अवघड असतं तर ते बनवताच आलं नसतं.

फळ्यावरच्या संख्येकडे पुन्हा येते. तिचे आणखी दोन गुण सांगितल्याशिवाय मला खाली बसवणार नाही.

पहिला गुण. ६ ला भाग जाणाऱ्या संख्या १, २, ३. त्यांची बेरीज ६. २८ ला भाग जाणाऱ्या १, २, ४, ७, १४. बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दाखवलं की, या जातीच्या प्रत्येक मूळ संख्येबरोबर एक परिपूर्ण संख्या जन्माला येते. ३ पासून ६, ७ पासून २८, ३१ पासून ४९६. फळ्यावरच्या संख्येपासून जी परिपूर्ण संख्या मिळते, ती ७७ अंकी आहे. म्हणजे ल्युकांनी एका दगडात दोन पक्षी मारले.

दुसरा गुण म्हणजे तिचं घराणं. २ चा घात करून एक वजा केला की ३. आता ३ ला घातांक करा, ७ मिळतात. ७ ला घातांक करा, १२७. १२७ ला घातांक केलं की फळ्यावरची संख्या. चारही मूळ. मग फळ्यावरच्या संख्येलाच घातांक केलं तर? हा प्रश्न १८७६ मध्येच कॅटलान यांनी उपस्थित केला, आणि तो आजही तसाच आहे. त्या पुढच्या संख्येत किती अंक आहेत हे लिहायलाच ३८ अंक लागतात. जगातला सगळा कागद आणि सगळे संगणक एकत्र केले तरी ती लिहून होणार नाही. सव्वाशे पायऱ्यांची सोपी कसोटी तिथे पायऱ्या किती मागते? जवळजवळ फळ्यावरच्या संख्येइतक्या. ज्या कसोटीने चारशे वर्षांचं काम एका माणसाच्या टेबलावर आणलं, तीच एक पायरी वर चढल्यावर हात टेकते. प्रत्येक कसोटीची एक हद्द असते, आणि ती कुठे आहे हे ठाऊक असणं हाही त्या कसोटीच्या ज्ञानाचाच भाग आहे.

ल्युकांचा विक्रम १९५१ मध्ये मोडला. यांत्रिक गणकयंत्रावर एक ४४ अंकी मूळ संख्या सापडली, आणि इंग्लंडमध्ये संगणकाने ७९ अंकी शोधली. ३० जानेवारी १९५२ ला लॉस एंजेलिसच्या एका संगणकावर ल्युका-लेहमर कसोटी चालवली गेली, आणि घातांक ५२१ व ६०७ यांच्या मूळ संख्या एकाच दिवशी मिळाल्या. तो प्रोग्राम राफाएल रॉबिन्सन या गणितज्ञाने लिहिला होता. त्यांनी ते यंत्र आधी पाहिलंही नव्हतं. माहितीपुस्तिका वाचून कागदावर लिहिला, आणि पहिल्या फटक्यात चालला. तेवीस-चोवीस वर्षं प्रोग्राम लिहून मी हे वाक्य आजही थोड्या हेव्यानेच म्हणते. त्या दिवशी निव्वळ कुतूहलापोटी सापडलेली ५२१ ची संख्या आज इंटरनेटच्या सुरक्षेच्या एका प्रमाणित पद्धतीत वापरली जाते.

आणि अगदी अलीकडचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये घातांक १३६२७९८४१ ची संख्या मूळ असल्याचं जाहीर झालं. अंक ४,१०,२४,३२०. आपल्या स्मरणिकेच्या एका पानावर अडीच हजार अंक बसवले तरी सोळा हजारांहून जास्त पानं लागतील, तेव्हा संपादकांनी घाबरू नये, मी ती देणार नाही. मला तिचा शोध जाहीर करण्याची पद्धत महत्त्वाची वाटते. डब्लिनमधल्या एका यंत्राने सांगितलं, ही बहुधा मूळ असावी. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या वेगळ्या यंत्राने ल्युका-लेहमर कसोटी पूर्ण केली आणि शून्य आलं. तरीही लगेच जाहीर केलं नाही. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले वेगवेगळे प्रोग्राम, वेगवेगळ्या बनावटीच्या यंत्रांवर पुन्हा चालवले. सगळीकडे शून्य आल्यावर मग जगाला सांगितलं.

आता हे मी आज, इथे, तुमच्यासमोर का सांगते आहे?

मी पैशांच्या देवघेवीच्या सॉफ्टवेअरवर काम करते. आमच्याकडे नवीन काही लोकांपर्यंत पोचवायच्या आधी हजारो चाचण्या चालवतात. सगळ्या हिरव्या झाल्या की कोणीतरी म्हणतं, "झालं, चूक नाही." मी दर वेळी वाक्य दुरुस्त करते: "चूक सापडली नाही." नवीन मुलांना वाटतं बाई शब्दच्छल करतायत. पण या दोन वाक्यांमध्ये चारशे वर्षांचे भागाकार आहेत. भागत बसून कंटाळून थांबलो तर आपण एवढंच म्हणू शकतो की, अजून अवयव सापडला नाही. अवयव नाहीच असं म्हणायचं असेल, तर ल्युकांसारखी कसोटी लागते, जी नेमका तोच प्रश्न विचारते आणि होय किंवा नाही असं उत्तर देते.

आपल्या वर्गात डॉक्टर आहेत. "रिपोर्टमध्ये काही निघालं नाही" आणि "काही नाही" यांतला फरक त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वकील आहेत, त्यांचं तर पोटच या फरकावर आहे. बहुतेक वेळा आपल्याला पहिल्याच वाक्यावर भागवावं लागतं, आणि त्यात कमीपणा नाही. आमचं सॉफ्टवेअरही त्याच्यावरच चालतं. फक्त पहिलं वाक्य दुसऱ्याच्या आवाजात म्हणू नये.

आता तर हा फरक घराघरांत आला आहे. तुमची मुलं फोनला प्रश्न विचारतात आणि उत्तर लगेच येतं, शुद्ध भाषेत, ठाम आवाजात. मर्सेन यांची यादीही ठामच होती. आमच्याकडे आता यंत्रं कोडही लिहून देतात. लिहिणं स्वस्त झालं. पडताळणं तेवढं स्वस्त झालेलं नाही, आणि ते कोणावर तरी सोपवून मोकळं होता येत नाही.

हे वळण मला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात लागलं नाही. ते इथे लागलं. समीकरण सोडवून झालं की खाली 'पडताळा' असं लिहून रेघ मारायची, किंमत परत घालायची, डावी बाजू, उजवी बाजू. उत्तर बरोबर असलं तरी पडताळ्याचा एक गुण वेगळा असायचा. तो गुण आम्हाला फुकटचा वाटायचा, कारण उत्तर तर आलेलंच असायचं. सर, बाई, आज मी पगार घेते तो जवळजवळ सगळा त्या एका गुणाचा आहे. तुम्ही तो वेगळा ठेवलात, त्यासाठी मी तुमची ऋणी आहे.

जाता जाता घरचा अभ्यास. आपल्या शाळेच्या भाषणात तो नसेल तर कसं चालेल? आज रात्री घरच्या मुलांना घेऊन बसा आणि १२७ ही संख्या ल्युकांच्या कसोटीला लावा. घातांक ७ आहे, म्हणजे पाच पायऱ्या. ४ पासून सुरुवात, वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा. १४ येतील, मग ६७, मग ४२, मग १११. शेवटची पायरी मी सांगत नाही. फोनवर करू नका, वहीवर करा. आणि जमलं की त्या पानाचा फोटो आपल्या ग्रुपवर टाका. सुप्रभातच्या फुलांपेक्षा मला तो जास्त आवडेल.